खुबे आखडलेल्या भालूला घरी कोणता व्यायाम द्यावा?

"आमचा भालू हा काळा लॅब्रॉडॉर आता ९ वर्षांचा आहे. वजन ४१ किलो. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी उठताना त्याला फार त्रास होतो. पहिली दहा-पंधरा पावले तो अवघडून टाकतो आणि मग हळूहळू मोकळा होतो. येथील डॉक्टरांनी एक्स-रे काढून दोन्ही खुब्यांच्या सांध्यांची झीज झाल्याचे सांगितले, रक्त तपासून वेदनाशामक औषध सुरू केले आणि वजन उतरवून थोडा व्यायाम देण्यास सांगितले. मात्र कोणता व्यायाम, किती आणि कसा, हे विचारायचे राहूनच गेले. शेजारी म्हणतात, त्याला आता मुळीच हलवू नका. आमचे यजमान मात्र अजूनही दर रविवारी त्याला अजिंक्यताऱ्यावर नेतात, कारण त्याला तेथे जाण्याची फार हौस आहे. सोमवारी तो जागचा उठत नाही. यजमानांना स्वतःच्या गुडघ्यांसाठी फिजिओथेरपिस्टने व्यायाम शिकवले आहेत. तसे काही कुत्र्यांसाठी असते का? आणि त्यांचे गुडघ्याला लावायचे मलम भालूला चोळले तर चालेल का?"
— एक निवृत्त शिक्षिका, सातारा

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातले सोमवारचे वाक्य मी दोनदा वाचले, कारण भालूला नेमके काय हवे आहे याचे उत्तर त्या एका वाक्यात आहे. सहा दिवस घरात पडून राहायचे आणि सातव्या दिवशी गड चढायचा, ही विभागणी झिजलेल्या सांध्याला सर्वांत जास्त महागात पडते. शेजाऱ्यांचा सल्ला आणि यजमानांची रविवारची फेरी ही एकाच चुकीची दोन टोके आहेत, आणि दोघांच्याही मनात भालूविषयी मायाच आहे, हे मला ठाऊक आहे. त्याला हालचाल हवी आहे. ती थोडी हवी, रोज हवी आणि दिवसातून दोन-तीन वेळा विभागून हवी.

यामागचे कारण समजून घेतले तर पुढचे सारे आपोआप सोपे होईल. सांध्यात हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातूनच तिचे पोषण होते, आणि हा द्रव कूर्चेत आतबाहेर होण्यासाठी सांध्यावर हलका दाब पडणे आणि तो सुटणे आवश्यक असते, जसा पाण्यातला स्पंज दाबून सोडला की पाणी शोषून घेतो. सांधा हललाच नाही तर कूर्चेची उपासमार होते. दुसरी बाजू स्नायूंची. कुत्र्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार मुळातच पुढच्या पायांवर असतो. मागचे खुबे दुखू लागले की तो आणखी भार पुढे ढकलतो, मांडीचे स्नायू कमी वापरले जातात, ते सुकतात, आणि सांध्याला धरून ठेवणारा आधारच गेल्यामुळे खुबा अधिक दुखू लागतो. हे चक्र औषधाने सैल होते, पण मांडीचा स्नायू औषधाने परत येत नाही. तो फक्त वापरानेच परत येतो.

मलमाचे उत्तर आधी देते, कारण ते तातडीचे आहे. कृपया ते मलम भालूला लावू नका. माणसांच्या अशा मलमांत बहुधा डायक्लोफिनॅक, मिथाइल सॅलिसिलेट, कापूर किंवा मेंथॉल यांपैकी काहीतरी असते; कुत्रा ते चाटून काढणारच, आणि त्यातून जठराला व्रण पडणे, रक्ताची उलटी होणे, मूत्रपिंडे निकामी होणे इथपर्यंत मजल जाऊ शकते. यजमानांनी मलम लावलेले गुडघेही भालूला चाटू देऊ नयेत. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक या माणसांच्या गोळ्यांनाही हाच नियम लागू आहे. डॉक्टरांनी दिलेले कुत्र्यांचे वेदनाशामक ठरलेल्या मात्रेत आणि अन्नाबरोबरच द्यावे, आणि उलटी, काळपट शौच किंवा जेवणावरील वासना उडणे यांपैकी काही दिसले तर पुढची मात्रा थांबवून त्यांना लगेच कळवावे.

आता घराकडे पाहू. व्यायामाआधी मी फरशीविषयी बोलणार आहे, कारण कितीतरी घरांत कुत्र्याचे अर्धे दुखणे पायाखाली असते. आपल्या घरी नव्या गुळगुळीत टाइल्स असतील, तर उद्या सकाळी भालू उठताना जमिनीलगत बसून त्याच्या मागच्या पंजांकडे पाहा. तो पुढच्या पायांनी स्वतःला वर ओढतो, मागची नखे टाइलवर खरखर करतात, एक पंजा बाहेरच्या बाजूला घसरतो, तो क्षणभर थांबतो, पंजा पुन्हा आत घेतो आणि मग एका झटक्यात उभा राहतो. तो झटका थेट खुब्यात बसतो, आणि दिवसातून वीस-पंचवीस वेळा बसतो. जुन्या घरांतील खडबडीत शहाबादी फरशीवर कुत्र्यांना हा त्रास कमी होत असे. भालूची झोपण्याची जागा, पाण्याचे भांडे, दार आणि आपण जेथे बसता ती खोली यांना जोडणारी एक वाट अंथरून घ्या. नुसती सतरंजी टाइलवर स्वतःच घसरते. तिच्याखाली रबरी जाळी घाला किंवा मागे रबर असलेली पायपुसणी ओळीने ठेवा. जुन्या योगा मॅटचे पट्टे कापले तरी उत्तम. मागची नखे इतकी आखूड ठेवा की चालताना त्यांचा आवाज येऊ नये, आणि पंजाच्या गाद्यांमधले केस वाढले असतील तर कापून घ्या. अंथरूण जाड असावे, पण इतके मऊ नसावे की तो त्यात रुतून बसेल. चार पदरी गोधडी किंवा कापसाची गादी चांगली.

व्यायामाची वेळ अशी निवडा की सकाळचा कडकपणा थोडा उतरलेला असेल. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्याच्या पहाटेच्या गारठ्यात त्याला उठवून लगेच कामाला लावू नका. आधी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून दोन्ही खुब्यांवर आणि मांड्यांवर दहा ते पंधरा मिनिटे ठेवा. पिशवी ठेवण्यापूर्वी ती स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला अर्धा मिनिट धरून पाहा. आपल्याला सहज सोसते तेवढीच ऊब त्याला द्यावी. सांधा सुजलेला आणि हाताला गरम लागत असेल तर शेक देऊ नये. शेकानंतर सपाट तळव्याने पाठीपासून मांडीपर्यंत सावकाश हात फिरवा, आणि खांद्यांनाही विसरू नका, कारण मागचा भार पुढे घेऊन त्याचे खांदे दिवसभर राबत असतात. तेलाची गरज नाही. तेलही तो चाटतो.

पहिला व्यायाम अगदी साधा दिसतो आणि मला तो सर्वांत प्रिय आहे. भालूला न घसरणाऱ्या चटईवर चारही पाय शरीराखाली सरळ ठेवून उभे करा. आपण त्याच्या बाजूला बसा, एक हात त्याच्या पोटाखाली नुसता आधाराला ठेवा आणि दुसऱ्या हाताची दोन बोटे त्याच्या खुब्यावर टेकवून त्याला पलीकडच्या बाजूला अगदी हलके ढकला. ढकलणे एवढेच की तो पाय उचलणार नाही, पण तोल सांभाळण्यासाठी उलट जोर लावील. नीट पाहिलेत तर पलीकडच्या पंजाची बोटे चटईत रुतलेली दिसतील आणि मांडीचा स्नायू हाताखाली घट्ट झालेला जाणवेल. तीन ते पाच सेकंद तसेच धरा, मग सोडा. प्रत्येक बाजूला पाच वेळा पुरे. जो पाय जास्त दुखतो, त्या बाजूवर भार टाकायला तो सुरुवातीला नाखूश असेल. तेथे बोटांचा जोर निम्मा करा. ज्या कुत्र्याला अजून बसता-उठताही येत नाही, त्यालाही हा व्यायाम जमतो, आणि मांडीच्या स्नायूंची पहिली जाग यानेच येते.

दुसरा म्हणजे बसणे-उठणे. यजमानांना फिजिओथेरपिस्टने खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायला सांगितले असेल, तर हा त्याचाच भाऊ समजा. येथे संख्येपेक्षा ढब महत्त्वाची आहे. खुबे दुखणारा कुत्रा एक मांडी बाहेर टाकून, एका कुल्ल्यावर कलून बसतो, आणि उठताना पुढचे पाय पुढे टाकून शरीर ओढून घेतो. असे दहा वेळा केले तरी मागच्या पायांना काहीच मिळत नाही. म्हणून त्याला भिंतीलगत उभे करा, म्हणजे ती मांडी बाहेर जाणार नाही. मागे चार पदरी गोधडीची उंच घडी ठेवा, जेणेकरून त्याला पूर्ण खाली जावे लागणार नाही. खाऊ त्याच्या नाकाजवळ धरून किंचित वर आणि मागे न्या, म्हणजे तो बसेल. उठवताना खाऊ नाकाच्याच उंचीवर सरळ पुढे, केवळ वीतभर न्या. वर उचलला तर तो उडी मारील. सुरुवात तीन वेळांनी करा, दिवसातून दोनदा. तीन वेळा सरळ बसला-उठला आणि चौथ्यांदा कलला, तर त्या दिवसाची संख्या तीनच. दोन-तीन आठवड्यांत पाच, मग आठ, मग दहापर्यंत जाता येते, आणि मग गोधडीची घडी एकेक पदराने कमी करावी.

तिसऱ्यासाठी झाडूच्या किंवा पीव्हीसी पाइपच्या चार काठ्या हव्यात. त्या अंगणात किंवा अंथरलेल्या वाटेवर एकमेकींपासून साधारण भालूच्या खांद्यापासून खुब्याइतक्या अंतरावर जमिनीवर ठेवा आणि पट्ट्याने धरून त्याला इतके सावकाश न्या की तो प्रत्येक पाय निराळा उचलील. पहिले दोन दिवस तो काठ्यांना ठेचाळेल. हरकत नाही, काठ्या सुट्याच ठेवा म्हणजे पंजा लागला की त्या घरंगळतील. दोन आठवडे सहज जमले की काठीची दोन्ही टोके एकेका पुस्तकावर टेकवून दोन-तीन इंच उंच करा. त्याहून उंच जाण्याची भालूला गरज नाही. काठीवरून जाताना खुबा आणि गुडघा नेहमीपेक्षा जास्त वाकतो, आणि पंजा कोठे पडतो आहे याचे भान, जे दुखऱ्या पायाच्या बाबतीत कुत्रा हरवून बसतो, ते हळूहळू परत येते.

घरात जुना लाकडी पाट असेल तर तो काढा. त्याला गोणपाट गुंडाळून घट्ट बांधा, म्हणजे घसरणार नाही, आणि भालूला फक्त पुढचे दोन पाय पाटावर ठेवून दहा सेकंद उभे राहू द्या. या एवढ्याशा उंचीने भार मागे सरकतो. तिसऱ्या आठवड्यापासून हे सुरू करावे. याच स्थितीत खाऊ दाखवून त्याचे नाक आधी डाव्या आणि मग उजव्या खांद्याकडे वळवले, तर मानेचा आणि पाठीचाही व्यायाम होतो. दोन बादल्या ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठ (8) आकड्याच्या वळणाने सावकाश चालवणे आणि बोळातून चार पावले उलटे चालवणे हेही चांगले प्रकार आहेत. एक जमला की दुसरा घ्यावा, सगळे एकाच दिवशी नकोत.

कुत्र्याला कुशीवर निजवून त्याचा पाय हाताने वाकवण्या-ताणण्याचे व्यायाम आपण कोठेतरी पाहिले असतील. ज्या कुत्र्याला स्वतःहून चालताच येत नाही किंवा ज्याची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्याच्यासाठी ते फार मोलाचे आहेत, पण ते डॉक्टरांनी हात धरून शिकवल्यावाचून करू नयेत. चालत्या-फिरत्या भालूचा पाय ताणण्यापेक्षा त्याच्याकडून तो वापरून घेणे अधिक हिताचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चालण्याचे प्रमाण तर मी अगदी मिनिटांत सांगते. पहिले दोन आठवडे दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटे, सपाट रस्त्यावर, पट्ट्याने धरून. गळपट्ट्याऐवजी छातीला बसणारा हार्नेस घ्या, म्हणजे गरज पडली तर आधार देता येईल. चाल इतकी संथ असावी की चारही पंजे एकामागून एक पडताना मोजता यावेत, कारण वेग वाढला की कुत्रा दुखरा पाय हळूच वाचवून नेतो आणि ससा उडी मारतो तसे मागचे दोन्ही पाय एकदम टाकू लागतो. सगळे ठीक चालले तर दर आठवड्याला प्रत्येक फेरीत एक-दोन मिनिटे वाढवा. चेंडू फेकून धावायला लावणे बंद करा. झपाट्याने धावून जागच्या जागी वळणे हे खुब्यांना आणि गुडघ्यांच्या अस्थिबंधांना फार वाईट. उन्हाळ्यात डांबरावर आपल्या हाताची पाठ सात सेकंद टेकवून पाहावी, आणि टेकवता आली नाही तर त्याला त्या रस्त्यावर नेऊ नये.

यजमानांच्या व्यायामात आणि भालूच्या व्यायामात एक मोठा फरक आहे, तो कृपया दोघांनीही मनावर घ्यावा. माणसाला सांगता येते की थोडे दुखेल, पण करा. त्याला कारण कळते. कुत्र्याला कळते ते एवढेच की आपल्या माणसाच्या हातून दुखले. आणि तो ओरडत नाही. व्यायाम चालू असताना तो ओठ चाटू लागला, जांभई देऊ लागला, कान मागे घेतले, मान वळवून आपल्या हाताकडे पाहू लागला, दम लागण्याजोगे काही नसताना धापा टाकू लागला किंवा आवडता खाऊही घेईना, तर ते दुखते आहे असे समजून तेथेच थांबावे. खरा निकाल मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. कालच्यापेक्षा तो जास्त अवघडला असेल तर कालचा व्यायाम जास्त झाला होता. एक दिवस फक्त लहान फेऱ्या ठेवाव्यात आणि परत सुरू करताना प्रमाण निम्मे करावे. आपण शिक्षिका आहात, म्हणून सुचवते की त्याची एक वही ठेवा. रोजच्या तीन ओळी पुरे: सकाळी मोकळे होण्यास किती पावले लागली, कोणता व्यायाम किती वेळा झाला, आणि संध्याकाळी तो स्वतःहून दाराशी आला का. महिन्यातून एकदा शिंप्याच्या टेपने दोन्ही मांड्यांचा घेर वरच्या भागात, एकाच जागी, एकाच माणसाने मोजावा, आणि तो चालताना बाजूने आणि मागून मोबाइलवर चित्रण करून ठेवावे. ही वही आपल्या डॉक्टरांना दहा प्रश्नांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

वजनाविषयी मला थोडे कठोर व्हावे लागेल. ४१ किलो हे भालूसाठी जास्त आहे. लॅब्रॉडॉर नराचे वजन साधारणपणे २९ ते ३६ किलो असावे. त्याच्या छातीवरून हलका हात फिरवला तर बरगड्या सहज मोजता याव्यात आणि वरून पाहिले तर कमरेत आत वळलेली रेषा दिसावी. अमेरिकेत ४८ लॅब्रॉडॉर कुत्र्यांचा जन्मभर अभ्यास झाला होता. त्यांच्या जोड्या लावल्या होत्या आणि प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे दिले जाई. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले, आणि सांध्यांच्या झिजेवर उपचारांची गरजही कमी खाणाऱ्यांना बरीच उशिरा लागली. भालूसाठी पहिले उद्दिष्ट अडीच किलोंचे ठेवा. शरीराच्या वजनात सहा टक्क्यांच्या आसपास घट झाली तरी लठ्ठ कुत्र्यांचे लंगडणे कमी झाल्याचे आढळलेले आहे. घट आठवड्याला चारशे ग्रॅमपेक्षा वेगाने होऊ नये. त्याला उचलून घरच्या काट्यावर उभे राहणे आपल्याला झेपणार नाही, तेव्हा दवाखान्यातील किंवा ओळखीच्या धान्य-दुकानातील मोठ्या काट्यावर दर पंधरवड्याला वजन करून घ्यावे.

तो सतत मागतो म्हणून जीव तुटतो, हे मी जाणते. यात त्याचा दोष नाही. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॉडॉर कुत्र्यांत एका जनुकाचा तुकडा गळलेला असतो आणि त्यामुळे त्यांची भूक अधिक असते. म्हणून व्यायामाच्या वेळचा खाऊ हा त्याच्या रोजच्या मोजलेल्या अन्नातूनच काढावा, किंवा काकडीचे, उकडलेल्या गाजराचे, फरसबीचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे द्यावेत. चहाबरोबरचे बिस्किट, टोस्ट आणि ताटातली शेवटची चपाती घरातील प्रत्येकाने बंद करायची आहे. द्राक्षे, मनुका आणि कांदा तर कधीच द्यायचे नाहीत, कारण ते कुत्र्यांना विषारी असतात. माशांच्या तेलातील ओमेगा-३ चा सांध्यांना उपयोग होतो, पण मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी आणि त्याऐवजी कॉड लिव्हर ऑइल देऊ नये, कारण त्यात अ आणि ड जीवनसत्त्वे जास्त होतात. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर माझा फारसा भर नाही; तो पैसा आधी फरशी अंथरण्यावर खर्च करावा.

काही लक्षणे दिसली तर व्यायाम पूर्ण थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. भालूने अचानक एक पाय टेकणेच बंद केले, चालताना पंजा उलटा पडून वरची बाजू जमिनीला घासू लागली, मागचे पाय ओढू लागला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, किंवा एखाद्या पायाचे हाड सुजून दिवसेंदिवस दुखू लागले, तर त्याचे कारण खुब्यांच्या झिजेपलीकडचे असू शकते. आपल्या हवेत आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे लागते. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही कुत्र्यांचे सांधे दुखतात आणि लंगडणे एका पायावरून दुसऱ्या पायावर फिरत राहते. ताप, सुस्ती आणि अंगावर गोचीड असे एकत्र दिसले तर व्यायामाने काही साधणार नाही. त्याचे रक्त तपासावे लागेल. दोन-तीन महिने सर्व काही नेटाने करूनही भालूला आराम पडला नाही, तर आपल्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी, एक्स-रे आणि ती वही घेऊन तेथे दुसरे मत घेता येईल.

पायऱ्या चढवताना एक मोठा टॉवेल त्याच्या पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून घ्या आणि दोन्ही टोके वर धरून त्याच्या मागच्या भाराचा थोडा हिस्सा आपल्याकडे घ्या. त्याला उचलायचे नाही, फक्त हलके करायचे आहे. उतरताना हे अधिक सावकाश करावे. गाडीत चढवण्यासाठी गोणपाट ठोकलेली रुंद फळी उताराला लावावी. आधी ती जमिनीवर सपाट ठेवून तिच्यावर चालायची सवय करून घ्यावी, नाहीतर तो मध्येच बाजूला उडी टाकील.

आता अजिंक्यतारा. चढण निदान येते तीन महिने बंद, आणि उतरण त्याहून कटाक्षाने बंद, कारण उतारावर आधीच दमलेल्या पुढच्या पायांवर सगळा भार येतो. परंतु यजमानांनी रविवारी पट्टा हातात घेतला की भालू शेपूट आपटत दाराशी जातो, तो आनंद त्याच्याकडून काढून घेऊ नये. त्यांनी त्याला त्याच वेळी, त्याच पट्ट्याने गाडीतून गडाच्या पायथ्यापर्यंत न्यावे, सपाट जागी दहा मिनिटे त्याला हवे तेथे थांबून हुंगू द्यावे, मग दोघांनी कट्ट्यापाशी थोडे बसावे आणि परत यावे. सोमवारी सकाळी तो किती पावलांत मोकळा होतो, ते वहीत लिहून महिन्याभराने मला अवश्य कळवा.